पात्राला ‘नसण्याची’ शक्ती देताना: अभावाचा प्रकार कसा ठरवावा

अद्भुतकथा, चित्रकथा किंवा खेळांसाठी पात्रे रचणाऱ्यांमध्ये एक शक्ती फार लोकप्रिय आहे, ती म्हणजे पात्र अस्तित्वातच नसणे. जे नाही त्याला मारता येत नाही, बांधून ठेवता येत नाही, शापही देता येत नाही, या विचारावर ती उभी असते आणि तो विचार खरोखरच आकर्षक आहे. अडचण दुसऱ्या पात्रापासून सुरू होते. एका लेखकाचे पात्र ‘नसते’, म्हणून दुसऱ्याचे पात्र ‘नसण्याच्याही पलीकडे’ जाते, तिसरा त्यावर आणखी एक मजला चढवतो, आणि या चढाओढीत कोणाचे पात्र नेमके काय करू शकते हे तिघांपैकी कोणालाच सांगता येत नाही.

कोल्हापुरात नव्याने लिहू लागलेल्या मुलामुलींच्या कथा वाचताना मला हे वारंवार दिसते. ज्या प्रश्नावर आपल्याकडे शतकानुशतके अत्यंत बारकाईने विचार झाला, त्याच प्रश्नाशी ही मुले हाती काहीच साधन नसल्यासारखी झगडत असतात. साधन तयार आहे. वैशेषिक या प्राचीन दर्शनाच्या जुन्या यादीत द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय असे सहा पदार्थ, म्हणजे जगातल्या गोष्टींचे मूलभूत वर्ग, होते. पुढे ‘अभाव’, म्हणजे नसणे, हा सातवा पदार्थ म्हणून मान्य झाला, आणि सतराव्या शतकात अन्नंभट्टाने तर्कसंग्रह या न्याय-वैशेषिक दर्शनाच्या छोट्या ग्रंथात त्याचे चार प्रकार एकेका ओळीत बांधून दिले. त्या चार ओळींवर कथालेखकाचे बरेच काम भागते. माझे सांगणे एवढेच आहे की पात्राच्या नसण्याची उंची मोजण्याऐवजी त्याची जात ठरवावी. जात ठरली की शक्ती, मर्यादा आणि किंमत या तिन्ही गोष्टी तिच्यातूनच निघतात.

आधी काय वगळावे

वर्गीकरणाला बसण्यापूर्वी जे नसणे नव्हेच, ते बाजूला काढावे. पावसाळ्यात पंचगंगेची पातळी वाढली की राजाराम बंधारा पाण्याखाली जातो. काठावर उभ्या असलेल्या माणसाला बंधारा दिसत नाही, पण बंधारा नाही असे कोणी म्हणत नाही; उलट तो पाण्याखाली गेला, ही बातमी होते. अदृश्य पात्र या बंधाऱ्यासारखे असते. ते आहे, फक्त दिसत नाही, त्यामुळे त्याला धक्का लागतो, त्याच्या पावलांचा आवाज येतो आणि त्याच्यावर पीठ उधळले तर ते उघडे पडते. दर्शनकारांनी येथे ‘योग्यानुपलब्धी’ ही अट घातली आहे: एखादी वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असून ती दिसली नाही, तरच ती नाही असे म्हणावे. अंधारात घागर दिसली नाही म्हणून घागर नाही, असा निष्कर्ष निघत नाही.

विस्मृतीही अशीच वगळावी. सगळे जग ज्याला विसरले तो माणूस जेवतो, झोपतो, म्हातारा होतो. भुताचे तर उघडच आहे. देह नष्ट झाला असला तरी कोणीतरी उरलेले असते, म्हणूनच त्याची भीती वाटते. आणि नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाच्या शून्यतेला शक्तीच्या शिडीवर सर्वांत वरच्या पायरीवर बसवण्याची जी पद्धत पडली आहे, ती सोडून द्यावी असे मी आग्रहाने सांगेन. शून्यता म्हणजे काहीच नसणे नव्हे. कोणतीही वस्तू स्वतःच्या बळावर, कारणांवाचून उभी नाही, असे ती सांगते, आणि हे रस्त्यावरच्या दगडालाही तितकेच लागू आहे. जे सर्वांना समान लागू आहे त्यातून एकाच पात्राची खास शक्ती निघू शकत नाही.

चार प्रश्न

उरलेल्या पात्रांना चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कथा लिहिण्यापूर्वी कागदावर उतरवावीत. कशाचा अभाव? ज्याचा अभाव त्याला प्रतियोगी म्हणतात. कोठे? ते अधिकरण. कोणत्या संबंधाने? आणि कोणत्या काळात? ‘जमिनीवर घागर नाही’ या साध्या वाक्यात घागर प्रतियोगी आहे आणि जमीन अधिकरण. प्रतियोगीच सांगितला नाही तर अभाव सांगितलाच गेला नाही. नुसता ‘नाही’ हा शब्द उच्चारला गेला. ‘माझे पात्र म्हणजे निव्वळ नसणे’ असे जो लेखक लिहितो, त्याने पहिल्याच प्रश्नाचे उत्तर दिलेले नसते.

तिसरा प्रश्न नवख्या लेखकाला रूक्ष वाटतो, पण कथेसाठी मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. न्यायदर्शनाच्या मतानुसार घागर तिच्या दोन अर्ध्या भागांत, म्हणजे कपालांत, समवाय म्हणजे अंगभूत संबंधाने राहते, तर जमिनीवर संयोग म्हणजे नुसत्या स्पर्शाच्या संबंधाने राहते. म्हणून एकच वस्तू एका संबंधाने तेथे असते आणि त्याच ठिकाणी दुसऱ्या संबंधाने नसते. या एका सूक्ष्म भेदातून किती पात्रे उभी राहू शकतात, याचा विचार करावा. ज्याचा आवाज खोलीत आहे पण स्पर्श नाही. जी स्त्री आपल्या घराण्यात आहे, वंशावळीत आहे, पण घरात कधीच नाही. दोघांनाही ‘नाही’ म्हणता येते, मात्र दोघांच्या नसण्याचा उपयोग आणि जाच अगदी वेगळा आहे.

चार जाती

प्रागभाव म्हणजे वस्तू निर्माण होण्यापूर्वीचे तिचे नसणे. त्याला सुरुवात नसते, शेवट मात्र असतो. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात व्हावे म्हणून येथील वकील आणि नागरिक कित्येक दशके मागणी करत होते. ऑगस्ट 2025 मध्ये येथे सर्किट बेंच सुरू झाले आणि तेव्हा त्याचा प्रागभाव संपला. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गाचा प्रागभाव अजून संपायचा आहे. अशा नसण्यात एक ओढ असते. त्यात वचन असते, आणि न्यायमत तर त्याला कार्याच्या कारणांमध्येच मोजते. ज्या पात्राची शक्ती प्रागभाव आहे ते ‘अजून न झालेले’ आहे. त्याला मारायला गेलेल्या शत्रूच्या हाती काहीच लागत नाही. परंतु ही शक्ती एकदाच वापरता येते. पात्र जन्मले की प्रागभाव कायमचा गेला, आणि त्यानंतर कोणीही त्याला पुन्हा ‘अजून न झालेले’ करू शकत नाही. हा नियम मोडून पात्राला इच्छेप्रमाणे जन्मापूर्वीच्या स्थितीत पाठवणारे लेखक आपल्याच कथेतील ताण काढून घेतात.

प्रध्वंसाभाव म्हणजे वस्तू नष्ट झाल्यानंतरचे तिचे नसणे. तो याच्या उलट असतो: त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले आणि पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले गेलेले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. नाट्यगृहाची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली, ते त्याच जागी त्याच रूपात उभे राहावे ही साऱ्या शहराची इच्छा आहे, आणि ते उभे राहीलही. पण त्या आगीत जे लाकूड जळाले त्याचा ध्वंस त्यामुळे रद्द होत नाही. नवे उभे राहते, जुन्याचा ध्वंस तसाच राहतो. मेलेल्या पात्राला परत आणणाऱ्या प्रत्येक लेखकाने हे मनाशी पक्के करावे. ‘नष्ट झालेले पुन्हा नष्ट करता येत नाही’ ही या जातीची शक्ती आहे, आणि ‘नष्ट झालेले परत येत नाही’ ही तिची किंमत. पात्र परत आले तर ते तेच आहे की त्याच्यासारखे दुसरे, हा प्रश्न कथेत कोणीतरी विचारलाच पाहिजे. शिवाय ध्वंसाला नेहमी कारण असते. घागर फुटली तर काठीचा घाव कोठेतरी आहे, आणि तो घाव वाचकाला दाखवणे लेखकाचे कर्तव्य आहे.

या दोन जातींतील फरक महाराष्ट्राला नवा नाही. ज्ञानेश्वरांच्या नावाने म्हटल्या जाणाऱ्या कूटरचनेत काट्याच्या अणीवर तीन गावे वसतात, त्यांतली दोन ओसाड असतात आणि एक वसतच नाही. ओसाड गाव आणि न वसलेले गाव, दोन्हीकडे माणूस नाही. तरी पहिल्या गावात चुली सापडतील आणि दुसऱ्यात सापडणार नाहीत. पात्राच्या नसण्यात चूल सापडते का, हे पाहावे.

अत्यंताभाव तिन्ही काळांत असतो. वायूत रंग नाही. कधी नव्हता, कधी नसणार. लेखक येथे हमखास एक संधी गमावतात. ते संपूर्ण पात्राचाच अत्यंताभाव कल्पितात, आणि मग लिहिण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी पात्राला अधिकरण करावे, म्हणजे पात्र आहे पण त्याच्यात कशाचा तरी अत्यंताभाव आहे. वायूत रंगाचा अभाव असल्यामुळे त्याला कोणी रंगवू शकत नाही. तसे एखाद्या पात्रात भीतीचा, सावलीचा किंवा वारसाचा अभाव असेल, तर त्या दिशेने येणारा प्रत्येक हल्ला व्यर्थ जातो. अशा पात्राला सुखही त्या दिशेने मिळत नाही, आणि तेथे कथा सुरू होते.

काही काळापुरत्या अभावाबद्दल शास्त्रकारांत मतभेद आहेत. जमिनीवरून घागर उचलली आणि संध्याकाळी परत ठेवली, तर मधल्या वेळच्या अभावाला काहींनी ‘सामयिक’ असा वेगळा प्रकार मानला आहे. लेखकाने तो वेगळा धरावा असे माझे मत आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढून ठेवतात आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा बसवतात. पुराच्या काळात बंधारा टिकतो तो बरगे नसल्यामुळे, आणि उन्हाळ्यात पाणी अडते ते बरगे असल्यामुळे. ज्याचे नसणे ठरावीक ऋतूत उपयोगी पडते आणि ठरावीक ऋतूत घातक ठरते, असे पात्र मला तरी कायम नसणाऱ्या पात्राहून कितीतरी जिवंत वाटते.

चौथी जात अन्योन्याभाव, म्हणजे ‘हे ते नव्हे’. पन्हाळा म्हणजे जोतिबाचा डोंगर नव्हे, आणि जोतिबाचा डोंगर म्हणजे पन्हाळा नव्हे. याची शक्ती ओळख नाकारण्याची आहे. शाप ज्याच्या नावाने दिला तो मी नव्हे, खून ज्याने केला तो मी नव्हे. मर्यादाही स्पष्ट आहे: या अभावाला नेहमी दोघे लागतात, आणि तो दोन्ही बाजूंनी सारखाच लागू होतो. जो शापाच्या धन्यापासून वेगळा झाला, तो त्याच्या आशीर्वादापासूनही वेगळा झाला.

सशाचे शिंग, वांझेचा पुत्र, आकाशातले फूल ही उदाहरणे या चारांत कोठे बसतात, असा प्रश्न हमखास येतो. नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या विचारवंतांचे, उत्तर असे की ससा खरा, शिंगही खरे. सशाच्या डोक्यावर शिंगाचा अभाव आहे, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. जी वस्तू कोठेच प्रसिद्ध नाही तिचा अभावही सांगता येत नाही. युरोपात अलेक्सियस माइनाँग या तत्त्वज्ञाने नसलेल्या वस्तूंनाही स्वतःचे गुण असतात असे मांडले आणि बर्ट्रांड रसेलने 1905 मध्ये त्याला विरोध केला. तो वाद अजूनही वाचण्यासारखा आहे. कथेसाठी मात्र नैयायिकांची रीत अधिक कामाची आहे, कारण ती अशक्य पात्राचे दोन शक्य तुकडे करून देते आणि त्या तुकड्यांमधली फट लेखकाच्या हाती ठेवते.

शिडीचे काय

‘नसण्याच्याही पलीकडचे नसणे’ या कल्पनेचे उत्तर अन्नंभट्टाने स्वतःच्याच ग्रंथावर लिहिलेल्या दीपिकेत आहे. अभावाचा अभाव म्हणजे काय? प्राचीन मत सांगते की घागरीच्या अभावाचा अभाव म्हणजे घागरच. नंतरच्या, म्हणजे ‘नवीन’, नैयायिकांनी तो वेगळा मानला, परंतु तिसरा अभाव पहिल्यासारखाच असतो असे सांगून त्यांनीही रांग तेथेच थांबवली, कारण नाहीतर अनवस्था ओढवते. म्हणजे उत्तराला उत्तर लागत राहते आणि पायरी कोठेच संपत नाही. दोन्ही मतांनी लेखकाला सारखाच निर्णय मिळतो: अभावावर अभाव रचून उंची वाढत नाही. ज्या पात्राचे नसणे सात पदरी आहे असे सांगितले जाते, ते पदर मोजले तर एक तर पात्र परत असलेले निघते, नाहीतर पहिल्याच पदरावर उभे असलेले.

एक पात्र रचून पाहू

समजा सुभाना नावाचा एक मल्ल आहे, लाल मातीत घडलेला, आणि त्याला कोणी चितपट करू शकत नाही. ‘त्याचे शरीर अस्तित्वात नसते’ असे लिहून मोकळे होता येईल, पण चार प्रश्न विचारू. अभाव कशाचा? संयोगाचा, म्हणजे स्पर्शाचा. येथेच पहिली अडचण येते, कारण संयोग दोघांत मिळून राहतो. समोरच्याचा हात सुभानाला लागत नसेल, तर सुभानाचा हातही त्याला लागणार नाही. असा मल्ल हरणार नाही, पण पकडच घेता येत नसल्याने जिंकणारही नाही.

म्हणून अधिकरण आवळावे. संयोग वस्तूच्या एका भागात असून दुसऱ्या भागात नसू शकतो. झाडाच्या फांदीवर माकड बसले असता बुंध्याशी माकडाचा संयोग नसतो, हे न्यायातले प्रसिद्ध उदाहरण आहे. तेव्हा सुभानाच्या फक्त पाठीशी संयोगाचा अभाव आहे असे ठरवू. आता तो पकड घेतो, ढाक लावतो, खाली पडतो, पण त्याची पाठ आणि माती यांच्यात बोटभर अंतर उरतेच. खासबाग मैदानात कुस्ती संपवून तो उठतो तेव्हा छाती, खांदे, मांड्या मातीने माखलेल्या असतात आणि पाठ कोरी असते. बारकाईने पाहणाऱ्या प्रेक्षकाला रहस्य तेथेच कळेल. दिवसाउजेडी, माती असती तर दिसलीच असती, आणि दिसत नाही. योग्यानुपलब्धी याहून वेगळी काय असते?

किंमत आपोआप निघते. पाऊस त्याच्या पाठीला लागत नाही, अंगरखा पाठीवर बसत नाही, आणि कुस्ती मारून आल्यावर पाठीवर थाप पडत नाही. हे वाचकाला समजावून सांगू नये, वस्तादांच्या तोंडी द्यावे: “लेका, शाबासकी द्याय गेलो तर हात पोचतच न्हाई रं तुझ्या पाठीवर.” एवढ्या एका वाक्यात शक्ती आणि तिचा जाच दोन्ही येतात. शत्रूलाही वाट मोकळी राहते. निकाली कुस्तीत सुभाना अजिंक्य आहे, पण गुणांवरच्या मॅटवरील कुस्तीत चितपट न होताही हरता येते.

राहिला काळ. पाठीला स्पर्श जन्मापासून कधीच नाही आणि कधीच होणार नाही, असे ठरवले तर तो अत्यंताभाव. मग आईने त्याला पाळण्यात निजवले कसे, याचे उत्तर कथेने द्यावे. एखाद्या दिवशी घाव बसून स्पर्श नष्ट झाला असे ठरवले तर तो ध्वंस. मग तो घाव कोणाचा, हेच कथानक होते. आजवर कोणाचाच हात लागला नाही पण एकदा लागणार आहे, असे ठरवले तर तो प्रागभाव, आणि वाचक शेवटपर्यंत तो हात कोणाचा असेल याची वाट पाहतो. मी तिसरा पर्याय घेईन. पहिल्या दोहोंत वाचक सुभानाच्या मागे पाहतो, तिसऱ्यात पुढे.

अभाव कोणाला कळतो

शेवटची बाब निवेदकाची आहे आणि ती लिहायला बसण्यापूर्वीच ठरवावी लागते. मीमांसा दर्शनाच्या भाट्ट शाखेच्या मते अभाव कळण्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचे साधन) लागते. नैयायिक म्हणतात की तो इंद्रियांनीच प्रत्यक्ष कळतो. मीमांसेच्याच प्राभाकर शाखेच्या मते अभाव असा वेगळा नसतोच, दिसते ती फक्त मोकळी जमीन. हे तीन निवेदक आहेत असे समजावे. पहिला रिकाम्या खुर्चीकडे पाहून ‘ती येथे नाही’ या निष्कर्षावर येतो, दुसऱ्याला तिचे नसणे खोलीत शिरताक्षणी दिसते, आणि तिसरा केवळ खुर्चीचे वर्णन करून थांबतो. भयकथेला मला तिसरा सर्वांत योग्य वाटतो, शोककथेला दुसरा.

निवेदक कोणताही असो, अभाव कळायला प्रतियोगीचे स्मरण लागते. ज्याने घागर कधी पाहिली नाही, त्याला घागर नाही हे कळणार नाही. म्हणून पात्र जगाच्या स्मृतीतून पूर्ण पुसले गेले असे दाखवायचे असेल, तर निदान एकाच्या स्मृतीत ते ठेवावे लागते: बहीण, सावकार, तालमीतला जोडीदार, कोणीही चालेल. त्या एका माणसाची निवड शक्तीच्या वर्णनाइतकीच काळजीपूर्वक करावी, कारण कथा बहुधा त्याच्याच नजरेतून सांगावी लागते. आधी लिहून झालेली कथा सुधारायची असेल तर शक्तीचा परिच्छेद तसाच ठेवून प्रथम हा माणूस शोधावा. तो सापडल्यावर चार प्रश्नांची उत्तरे त्याच्या तोंडून काढून पाहावीत, आणि जेथे त्याला उत्तर देता येत नाही तो भाग नव्याने लिहावा.